होडी आणि 'एकवीरा'

करावे गावाच्या खाडीकाठी ओहोटीला होड्या टेकलेल्या असतात. प्रत्येकीचं नाव, रंग वेगळा. पण 'होडी' म्हणजे काय, ही कल्पना एकच. प्रोग्रामिंगमध्ये तिला क्लास म्हणतात: नाव, लांबी हे गुणधर्म आणि वल्हवणं ही कृती. नुसता क्लास लिहून होडी पाण्यात उतरत नाही बरं का! नाव 'एकवीरा', लांबी वीस फूट असं सांगून त्या क्लासला हाक मारली, की मेमरीत ऑब्जेक्ट, म्हणजे एक प्रत्यक्ष होडी, तयार होतो. तसाच दुसऱ्या होडीचा ऑब्जेक्ट करून तिचं नाव बदला, 'एकवीरा' तशीच राहते. क्लास आणि ऑब्जेक्टची ही कल्पना नॉर्वेच्या डाल आणि नीगोर यांनी १९६७च्या सिम्युला भाषेत आणली. आजच्या पायथनमध्ये तर क्लासचं नाव चक्क देवनागरीत 'होडी' असं लिहिता येतं.