आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

बैलबाजारात खोंड घ्यायला गेलेला माणूस आधी त्याचा जबडा उघडतो. दात बघितले की वय कळतं, मग विकणारा काहीही सांगो. त्यानंतर तो जनावर चालवून बघतो, खुरं बघतो, खांद्यावरून हात फिरवतो आणि मग कुठे उपरण्याखाली बोटं धरून भाव बोलतो. लाल कंधारी आणि देवणी पारखणाऱ्या मराठवाड्यात ही विद्या शिकवावी लागत नाही. तोच माणूस जुनी चारचाकी घ्यायला निघाला की मात्र बॉनेट उघडतो, एक्सिलरेटर दोनदा दाबतो, एसी लावून बघतो, ‘इंजिन एकदम मक्खन आहे’ हे ऐकतो आणि इसार देऊन घरी येतो.

गाडीलाही दात असतात. हे व्याख्यान त्यांच्याविषयी.

बोरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं गाव. मोठा दवाखाना परभणीला, तहसील जिंतूरला, सोयरीक चारी दिशांना आणि शेत पांदीच्या टोकाला. अशा गावातल्या घराला आठ-दहा वर्षं वापरलेली छोटी एसयूव्ही सोयीची वाटते. ती जमिनीपासून उंच असते, अंगणात मावते आणि सोयाबीन-कापसाच्या पैशातून जमण्यासारखी असते. मागणी अशी आहे म्हणूनच बाजारही आहे, आणि बाजार आहे म्हणून त्यात पुण्या-मुंबईच्या आणि दिल्लीच्याही गाड्या येऊन मिसळतात.

या गाड्या ‘छोट्या’ झाल्या त्या करामुळे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. अट एवढीच होती की लांबी चार मीटरच्या आत हवी, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत हवं. त्या चौकटीत एसयूव्ही बसवण्याचा पहिला ठळक प्रयत्न पुण्याजवळच्या चिंचवडला झाला, याची आठवण आज फारशी कुणाला नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर कंपनीने, म्हणजे पद्मिनी टॅक्सीवाल्या प्रीमियरने, डिसेंबर २००९ मध्ये ‘रिओ’ बाजारात आणली. तिची मूळ रचना जपानी दाइहात्सू टेरिओसची होती, सांगाडा चीनच्या झोत्येकडून आला होता आणि पहिलं डिझेल इंजिन फ्रान्सच्या प्यूजोच्या घराण्यातलं होतं. तेच इंजिन एके काळी मारुती झेन आणि एस्टीमच्या डिझेल गाड्यांत असायचं. त्यामुळे रिओचं इंजिन जुन्या मिस्त्रीला ओळखीचं वाटे. पण पुढचा दिवा फुटला, दरवाजाचं हँडल तुटलं, तर? कंपनीचा मोटारींचा धंदा पुढे बंद पडला आणि रिओवाल्यांच्या नशिबी भंगारबाजार आला. इंजिन धडधाकट असूनही गाडी दारात उभी राहते, ती अशी.

रिओची ही गोष्ट पुढच्या सगळ्या पारखीला लागू पडते. इंजिन हा गाडीचा दुरुस्त होणारा भाग आहे. इंजेक्टर बदलता येतात, टर्बो बदलता येतो, पैसे असतील तर आख्खं इंजिन उतरवून बांधता येतं. बिघडलेले कागद, कापून जोडलेला सांगाडा आणि बाजारातून नाहीसे झालेले सुटे भाग परभणीतला कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही. म्हणून तपासणीचा क्रम उलटा हवा. आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन.

कागदांत पहिलं बघायचं ते आरसीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहेत का. पुष्कळदा नसतात. मधल्या दलालाकडे मूळ मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० कोरे पडलेले असतात आणि गाडी त्या कोऱ्या सह्यांवर तीन-तीन हात फिरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. लोक हे घेणाऱ्याचं काम समजतात. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात हा समज मोडून काढला. त्या प्रकरणातली मोटार २००७ मध्ये विकली गेली होती, पुढे आणखी हात बदलत गेली, पण नोंदणी पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये अपघात झाला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालय म्हणालं, नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याने. दोन वर्षांपूर्वी गाडी देऊन मोकळा झालेला माणूस कायद्याच्या लेखी मालकच होता. तेव्हा नाव लावून घेण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी, आणि जो विकणारा ‘बघू, सावकाश लावा’ म्हणतो त्याला एक तर कायदा माहीत नसतो किंवा गाडी त्याची नसते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीचे वेगळे नियम आले आहेत. व्यापाऱ्याकडे ते अधिकारपत्र मागण्यात संकोच नको.

दुसरी गोष्ट बोजाची. हप्ते फिटले म्हणजे बोजा उतरला असं नव्हे. सातबाऱ्यावरचा बोजा जसा अर्ज केल्याशिवाय निघत नाही, तसाच आरसीवरचा. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात गेल्यावरच तो निघतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त गाडीच्या बाबतीत आठवण करून द्यावी लागते. वाहन प्रणालीत नंबर टाकला की बोजा, विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत मोबाइलवर दिसते. तुंबलेली ई-चलानंही तशीच ऑनलाइन तपासता येतात. गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर महाराष्ट्रात तिला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवावी लागते. ती बसली आहे का, हेही लगेच बघून घ्यावं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती वाढवता येते, पण २०१२ ची गाडी ‘पासिंग आहे की’ म्हणून घेणाऱ्याने बोटं मोजलेली बरी.

आता दिल्लीच्या गाड्या. तिकडे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. परिणाम असा झाला की दिल्लीत मातीमोल झालेली चकचकीत डिझेल एसयूव्ही इथल्या डोळ्यांना स्वस्त दिसू लागली. पण तिच्यासोबत तिथली ना-हरकत यायला हवी, महाराष्ट्राचा कर नव्याने भरायला हवा आणि एमएच-२२ चा क्रमांक पडायला हवा. हे सगळं धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीच वितळते. ना-हरकत ‘मागून येते’ असं कुणी म्हणालं तर पैसेही मागूनच द्यावेत.

कागद जुळले की पत्रा. गाडी उन्हात, धुतलेली आणि कोरडी असताना बघावी. ओल्या पत्र्यावर रंगाचा फरक लपतो. बॉनेटचे, दरवाजांचे आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघावेत. कारखान्यातल्या बोल्टवरचा रंग अखंड असतो, पान्याने उघडलेल्या बोल्टचे कोपरे उडालेले असतात. मडगार्ड बदललेलं असणं हा गुन्हा नव्हे, रस्त्यावर बैलगाडीचा दांडा लागला तरी ते बदलतं. पण आत, हेडलाइटच्या मागच्या अ‍ॅप्रनवर, दरवाजाच्या खांबांवर आणि मागच्या डिकीच्या तळाशी कारखान्याचे गोल स्पॉट वेल्ड एका ओळीत दिसायला हवेत. तिथे वेल्डिंगची ओबडधोबड शिवण दिसली की गाडी परत करावी, भाव कितीही पडो. टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपने ऑगस्ट २०१८ मध्ये चार आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाच तारे दिले. ते रांजणगावच्या कारखान्यातून निघालेल्या सांगाड्याला दिलेले आहेत. कापून जोडलेल्या नेक्सॉनला एकही तारा कुणी दिलेला नाही.

पत्र्याच्या पोटात पाणी लपलेलं असू शकतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. पुरात बुडालेली गाडी विम्यात निकाली निघाली तरी तिचं चाक थांबतंच असं नाही. वाळवून, धुऊन ती लांबच्या जिल्ह्यात नव्या गिऱ्हाइकासमोर उभी राहू शकते. तिची परीक्षा सोपी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, कारण धुणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही. आसनाखालचे रूळ गंजलेत का, स्टेपनीच्या खोबणीत गाळ आहे का, हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का, हे बघायचं. आणि मातीचा रंग बघायचा. चाकाच्या कमानीत काळी माती असणं हा मराठवाड्याच्या गाडीचा जन्मसिद्ध हक्क आहे. पण एमएच-२२ च्या गाडीच्या गालिच्याखाली कोकणातली तांबडी माती सापडली, तर विकणाऱ्याला शांतपणे विचारावं की ती तिथे कशी चढली.

इकडचा खास शत्रू उंदीर. कापूस भरलेल्या कोठ्याशेजारी उभी केलेली गाडी त्याचं हिवाळी घर होतं. इन्शुलेशन टेप नवीकोरी आणि वायर जुनी, असं बॉनेटखाली दिसलं की इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

सुट्या भागांचा प्रश्न मॉडेल निवडतानाच सोडवावा लागतो. मार्च २०१६ ला आलेल्या विटारा ब्रेझामध्ये सुरुवातीला फक्त १.३ लिटरचं फियाट घराण्याचं डिझेल होतं, जे स्विफ्ट, डिझायर, पुंटो आणि इंडिका व्हिस्टामध्येही होतं. म्हणून त्याचा भाग कुठल्याही तालुक्याला मिळतो, आणि त्याला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे. रेनो डस्टर २०१२ ची, लांबीने चार मीटरच्या बाहेरची, पण वापरातल्या बाजारात याच रांगेत उभी असते. सस्पेन्शन खणखणीत, मात्र तिच्या डिझेलला बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल तर बदलायचा आहे असंच धरून भाव करावा. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, मग हप्त्यावर हप्ता. महिंद्रा टीयूव्ही ३०० शिडीसारख्या चासीवर बांधलेली. पांदीला चांगली, वळणावर जरा डुलते.

फोर्ड इकोस्पोर्टचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. जून २०१३ ला आलेली ही गाडी चालवायला आजही गोड आहे. पण कंपनीने ९ सप्टेंबर २०२१ ला भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. सेवा आणि भाग मिळत राहतील असंही सांगितलं. पुण्यात राहणाऱ्याला ते पुरेसं असेल. बोरीत राहणाऱ्याने घेण्याआधी नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरला फोन करून दोन-तीन भागांची किंमत आणि किती दिवसांत मिळतील ते विचारावं. तिचं मागचं दार बाजूला उघडतं आणि स्टेपनीचं ओझं त्याच्यावर लटकतं, म्हणून बिजागऱ्या हलवून बघाव्यात.

इंजिनाची वेळ आता. सकाळी, न सांगितलेल्या वेळी जावं आणि आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर कुणीतरी थंड इंजिनाचा खोकला आधीच काढून टाकलाय. दुसऱ्या दिवशी यावं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. ऑइल भरायच्या टोपणाखाली सायीसारखा थर हीही तीच बातमी. जिंतूरकडे नेमगिरीच्या बाजूला चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबून बघावं. आवाज वाढून वेग वाढत नसेल तर क्लच गेला. परभणीच्या मे महिन्यात पारा ४२-४४ ला टेकतो, तेव्हा एसी लावून दुपारी अर्धा तास चालवल्याशिवाय तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवू नये.

मीटरचं तर हसू येतं. दहा वर्षांची डिझेल गाडी आणि मीटरवर ५५ हजार. रोज ६० किलोमीटर चालणारी गाडी वर्षाला वीस हजार ओलांडते, आणि रोज न चालवणारा माणूस जास्तीचे पैसे मोजून डिझेल कशाला घेईल? ब्रेक पेडलचं रबर, चालकाच्या आसनाची दरवाजाकडची कड, स्टिअरिंगवरचा गुळगुळीतपणा हे मीटरपेक्षा प्रामाणिक असतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा जुना इतिहास विचारला की मीटर कुठल्या साली मागे वळलं तेही उघड होतं.

आणखी एक गोष्ट, जी भाव करताना कुणीच काढत नाही. चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांत, विशेषतः खालच्या व्हेरियंटमध्ये, ती असेलच असं नाही, आणि एबीएसचंही तेच. मॉडेलचं नाव सारखं असलं तरी दोन गाड्यांत हा फरक असतो. शाळेची पोरं बसणार असतील तर सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनपेक्षा हे बघावं.

सगळं पटलं की इसार. पावतीवर गाडीचा क्रमांक, चासी आणि इंजिन क्रमांक, मीटरचं वाचन, राहिलेली रक्कम आणि बोजा कोण उतरवणार ते लिहावं. ताबा घेण्याच्या दिवशी दुसरी पावती करावी आणि तिच्यावर तारखेसोबत वेळही टाकावी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं अशी. कारण त्याच दिवशी पहाटे विकणाऱ्याच्या पोराने जालन्याजवळ समृद्धी महामार्गावर गाडी ताणली असेल, तर त्याचं चलान चार दिवसांनी येतं आणि कॅमेऱ्याने त्यावर वेळ छापलेली असते.