ऐकीव कथेकडून कागदाकडे
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषण)



पहिल्या महायुद्धानंतर आपल्या समाजाची पलटण मोडण्यात आली आणि सैन्याचे दार पुन्हा बंद झाले. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी तरुणांना भरतीचे आवाहन केले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. आमच्या वडिलांचे धाकटे काका मात्र हवाई दलात गेले आणि १९४३ च्या अखेरीस ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वारले. त्यांचे विमान पेटून पडले, असे आमच्या घरात दोन पिढ्या सांगितले जात होते. गावच्या जयंतीच्या सभेतही ते अभिमानाने सांगितले जाई.

केवळ कानावर आले किंवा परंपरेने चालत आले म्हणून काही मानू नका, असा उपदेश भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना केला. आम्ही बँकेत काम करतो. तिथे व्हाउचरशिवाय खात्यात नोंद होत नाही. घरच्या कथेलाही हाच नियम लावावा असे आम्ही ठरविले.

हाती होती एक जीर्ण तार. तिच्यावर काकांचा सेवा क्रमांक होता. विद्यार्थी मित्रहो, अशा शोधात नावापेक्षा क्रमांक मोलाचा. आपली नावे इंग्रजीत कशीही लिहिली जात. क्रमांक सहसा बदलत नसे.

१९१७ साली स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग दोन्ही महायुद्धांतील मृतांच्या नोंदी ठेवतो. त्या आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. आशियाच्या या भागात विमानासह नाहीसे झालेल्या, कबर नसलेल्या वैमानिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. तिथे काका नव्हते. दहन झालेल्यांच्या नोंदीत ते होते. म्हणजे देह हाती लागला होता. पुढे लंडनच्या क्यू येथील अभिलेखागारातून स्क्वाड्रनच्या दैनंदिनीच्या प्रती मागविल्या. त्यांत प्रत्येक उड्डाणापुढे वैमानिकाचे नाव असते. काकांचे नाव एकाही उड्डाणापुढे नव्हते. शेवटी सेवापुस्तिकेचा उतारा मिळाला : हुद्दा रिगर, मृत्यू लष्करी रुग्णालयात, कारण मलेरिया.

रिगर म्हणजे विमानाचे पंख, सांगाडा, चाके तपासणारा कारागीर. त्याने विमान ठीक आहे असे सांगितल्यावरच वैमानिक वर जाई. आणि मलेरिया? जपानने १९४२ मध्ये जावा बेट घेतले, तेव्हा जगाच्या क्विनाईनचा मुख्य पुरवठाच तुटला. १९४३ मध्ये त्या आघाडीवर जखमी म्हणून मागे आणलेल्या एका माणसामागे १२० माणसे आजारी म्हणून आणावी लागत. पुढे मेपाक्रिनच्या गोळ्या रोज सक्तीने दिल्या गेल्या, तेव्हा हे प्रमाण उतरले. शत्रूच्या गोळीपेक्षा डास अधिक माणसे पाडीत होता.

घरात वाद झाला. तरुण मंडळी म्हणाली, "तापाने गेले हे कशाला सांगायचे? शौर्य कमी होईल." आमच्या आत्या आज नव्वदीच्या पुढे आहेत. काकांच्या खांद्यावर बसून त्यांनी जत्रा पाहिलेली. त्यांना सांगावे की नाही, हाच खरा प्रश्न होता. आम्ही सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी जळून नाही ना गेला? खाटेवर होता? अन् अग्नी दिला त्याला?" आम्ही होय म्हणालो. "मग बरं झालं बाबा. एवढी वर्सं डोळे मिटले की मला ती आगच दिसायची."

ज्या कथेचा आम्ही अभिमान बाळगला, तिने आत्यांना ऐंशी वर्षे जाळले होते, हे त्या दिवशी कळले.

आपल्या समाजाचा इतिहास इतरांनी फारसा लिहिला नाही. म्हणून तो आपणच लिहायचा आहे. पण कागद तपासून. घरोघरच्या पेट्यांत तारा, पेन्शनची पुस्तके, पदके पडून आहेत. ती उघडा. क्रमांक उतरवून घ्या. आणि घरातील म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा.

नमो बुद्धाय! जयभीम!