अर्जाची तारीख



रिझर्व्ह बँक दर उन्हाळ्यात जास्तीत जास्त १२५ विद्यार्थ्यांना कामाचा अनुभव देते, हे आपल्या नगर जिल्ह्यात किती घरांना ठाऊक आहे? एप्रिलपासून फार तर तीन महिने काम, महिना २०,००० रुपये विद्यावेतन, निवड मुलाखतीने. अर्ज मात्र आदल्या ऑक्टोबर ते डिसेंबरात करावयाचा.

माझी एक माजी विद्यार्थिनी पुण्यास एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. तिला हे कळले जानेवारीत! वडील म्हणाले, "सर, बँकेत आपले आहे कोण? अर्ज करूनही काय झाले असते?"

मी म्हटले, "चाचा, मुलाखतीला नापास झाली असती तर गोष्ट वेगळी. आपण अर्जच केला नाही."

धाकटीसाठी त्यांनी आता १५ ऑक्टोबर ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.