थंडींतील शेगडी



कार्तिकी एकादशी उलटली, कीं नगरच्या पठारावर रात्रीं अंगावर घोंगडी ओढावीशी वाटूं लागते. समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीचा हा प्रदेश. आकाश निरभ्र, हवा कोरडी. त्यामुळें दिवसां तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता झपाट्यानें सोडून देते, आणि ऐन थंडींत पारा १० अंशांखालीं उतरतो. शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें; थंडी मात्र जुनीच राहिली.

जुन्या वाड्यांत या दिवसांची तयारी दिवाळी संपतांच सुरू होई. परसांतला तांब्याचा बंब चिंचेनें घासावयाचा, मधल्या नळींतील काजळी काढावयाची, तोटी गळते कीं काय तें पाहावयाचें. विहिरीच्या जड पाण्यानें बंबाच्या आंत क्षारांचा थर बसतो. तो तसाच राहिला तर लांकडें अधिक जळतात आणि पाणी मात्र कोमट निघतें. पाणी न भरतां विस्तव घातला, तर डाख वितळून बंब गळूं लागे. नव्या सुनेला हा धडा पहिल्याच आठवड्यांत मिळे.

परंतु बंब मोकळ्या हवेंत पेटतो. शेगडी घरांत येते, आणि तिजविषयींचा एक समज फार घातक आहे. कोळसे अंगणांत फुलवून घेतले व धूर निघून गेला, कीं शेगडी निर्धोक झाली, असें सुशिक्षित घरांतहि मानतात. वास्तविक धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून तरी माणूस खिडकी उघडतो. लाल निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु दिसत नाहीं, आणि त्याला वासहि नाहीं. रक्तांतील तांबड्या द्रव्याला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनहि शरीराची उपासमार होते. प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, नंतर गुंगी येते. आणि ती गुंगी उबेमुळें आली असें समजून माणूस झोपीं जातो.

सर्वांत जपावें तें बाळंतिणीच्या खोलींत. वारा लागूं नये म्हणून फटींत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखालीं शेगडी, तिजवर ओंवा आणि बाळंतशेपा! आजीबाईंच्या शेकाला कोणी नांवें ठेवूं नयेत. पण शेगडी ओसरीवरच राहूं द्यावी आणि तिजवर ऊन केलेल्या फडक्यानें शेकावें. ती आंत आणणें भागच पडलें, तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून बाळाला झुळकेपासून दूर निजवावें व शेक होतांच ती बाहेर न्यावी. निखाऱ्यांवर राख ओढून रात्रभर ठेवणें तर मुळींच नको. राखेखालीं हवा अपुरी मिळते आणि विषारी वायु सुटतच राहतो. कोणी गुंगलेला दिसला, तर त्याला आधीं मोकळ्या हवेंत न्यावें व लगोलग डॉक्टरांकडे पोंचवावें.

आतां पुष्कळ घरांत शेगडी मागें पडली आणि गॅसचा गीझर आला. लहानशा बंद न्हाणीघरांत त्याच्या ज्योतीला हवा कमी पडली, कीं तोच वायु तयार होतो. गीझर न्हाणीघराबाहेर, वारा खेळता राहील अशा जागीं बसवावा. तो आंतच असेल, तर खिडकी व दार उघडें ठेवून बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, आंतली हवा पालटूं द्यावी, आणि मगच कडी लावावी.