ताटातली जीवनसत्त्वं आणि पुणेकरांचा हिशेब
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमात क्लब हाऊसमध्ये केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, तेव्हा माझा अधिकार आकड्यांपुरता. आज मी फक्त आकडे वाचणार आहे. औषध कुणालाही सांगणार नाही. ते काम ज्याचं त्याच्या डॉक्टरांचं. पण काही आकडे आपल्याच गावातले आहेत आणि ते आपल्या घराघरांत पोचलेले नाहीत, म्हणून कमिटीने विषय विचारल्यावर मी हा विषय दिला.

'व्हिटॅमिन' हा शब्द 1912 साली कासिमिर फंक या शास्त्रज्ञाने काढला. आपण त्याला जीवनसत्त्व म्हणतो, आणि मला आपला शब्द जास्त आवडतो. ही मंडळी ऊर्जा देत नाहीत, पोट भरत नाहीत, पण नसली तर खाल्लेलं अंगी लागत नाही. ब-12 चंच घ्या. मोठ्या माणसाला रोज साधारण 2 मायक्रोग्रॅम लागतं. मी हिशेब मांडला. दिवसाला 2 प्रमाणे 75 वर्षांचे होतात सुमारे 55 हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे 55 मिलिग्रॅम. चिमटीत धरलेल्या मिठाच्या पावपटसुद्धा नाही. जन्मभराची गरज एवढीच, आणि तीसुद्धा आपल्याकडे भागत नाही.

भागत नाही हे मी म्हणत नाही. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हे काम करत आहेत. त्यांचा एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. मध्यमवयीन 441 पुरुष तपासले, काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. एकूण 67 टक्के लोकांत ब-12 कमी निघालं. आता सांगा, सर्वांत वाईट स्थिती कुणाची असेल? मध्यमवर्गाची! 81 टक्के. ज्यांच्या घरी फ्रीज आहे, दोन वेळचं ताजं जेवण आहे, मुखवासाच्या डबीत चार प्रकारची बडीशेप आहे, त्यांची. म्हणजे तुमची आणि माझी.

कारण सरळ आहे. ब-12 वनस्पती तयार करत नाहीत, प्राणीही करत नाहीत. ते काही जिवाणू बनवतात, आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून आपल्यापर्यंत येतं. भाजी-भाकरीत ते नाही. त्याच अभ्यासात शाकाहारी माणसांना कमतरतेचा धोका चौपटीहून जास्त दिसला. इथे बरेच जण जन्माने शाकाहारी आहेत, काही माळकरी आहेत, काही जणांचा वर्षातला निम्मा काळ चातुर्मास, श्रावण आणि वार पाळण्यात जातो. मी त्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. आमच्या घरातही अंडं येत नाही. पण मग दूध, दही, ताक हीच काय ती आपली आवक. आणि दूध आपण किती पितो? चहात घालतो तेवढं. त्याला दूध पिणं म्हणत नाहीत.

एक गंमत ऐका. बहुतेक पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं, क जीवनसत्त्वासारखी, चालू खात्यासारखी असतात. भरलं की खर्च, उरलं की लघवीवाटे बाहेर. अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी, ती साठतात. ब-12 पाण्यात विरघळणारं असूनही यकृतात काही वर्षं पुरेल एवढं साठवलेलं असतं. आपला सिंकिंग फंडच म्हणा ना. भरणा थांबला तरी इमारत लगेच पडत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. फंड संपल्यावर प्लास्टर पडायला लागतं.

आमच्या घरी ते पडलं. सौ.ना मधुमेह आहे, बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू, जोडीला सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी. तीन वर्षांपूर्वी पायांना मुंग्या सुरू झाल्या, मग चप्पल पायातून निघून गेली तरी कळेना. रात्री दिवा गेला की तोल जाई. ज्यांना दाखवलं ते म्हणाले, शुगर आहे, वय आहे, चालायचंच. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी ब-12 तपासायला सांगितलं तेव्हा ते फारच खाली निघालं. इंजेक्शनं दिली, तोल सुधारला, चिडचिड आणि विसराळूपणाही बराच कमी झाला. तळपायांची बधिरता मात्र आजही आहे. नसेचं नुकसान फार दिवस चाललं की सगळं भरून येत नाही. मेटफॉर्मिनमुळे आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे ब-12 चं शोषण कमी होतं हे वैद्यकाला माहीत आहे. म्हणून सांगतो, अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे या सभागृहात किती आहेत ते हात वर करून दाखवू नका, फक्त पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता तरुण मंडळींनी इकडे लक्ष द्यावं, कारण गोष्ट म्हाताऱ्यांपुरती नाही.

याज्ञिकांच्या गटाने 1993 पासून पुण्यापासून सुमारे 50 किलोमीटरवरच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बायका. त्यांनी एकूण किती खाल्लं याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. पण ज्यांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त होतं त्यांची बाळं मोठी होती. म्हणजे "दोन जिवांची आहेस, दोन पोळ्या जास्त खा" एवढ्यावर भागत नाही. मेथी आणि पेरूही लागतात. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासणी झाली, निष्कर्ष 2008 साली आले. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये ब-12 कमी होतं. फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांत पुरेसं. आणि ज्या आयांमध्ये ब-12 कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. पुढच्या मधुमेहाची पायवाट ती.

याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी वाईट असा कुणी काढू नये. बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे जन्मजात दोष टाळायला ती हवीच. पण ब-12 कडे दुर्लक्ष करून एकट्या फोलेटवर भिस्त ठेवणं बरोबर नाही. शिवाय फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं आणि ब-12 ची कमतरता झाकली जाते. नसा आतून बिघडतच राहतात. 2012 साली त्याच गावांतल्या, त्याच अभ्यासातल्या, आता तरुण झालेल्या मुलामुलींना रोज 2 मायक्रोग्रॅम ब-12 देण्याचा प्रयोग सुरू झाला, त्यांच्या पुढच्या पिढीचं काय होतं ते पाहायला. आपल्या सुना-लेकींना दिवस राहण्याआधीच ही तपासणी करून घ्यायला कुणी सांगतं का, हा माझा प्रश्न आहे.

फोलेटची कथाही आपल्याच राज्यातली, हे फार थोड्यांना माहीत असेल. 1928 साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना भयंकर पंडुरोग होत असे, त्याचं कारण शोधायला. आहार तपासले, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टच्या साध्या अर्काने, मार्माइटने, त्या बायका बऱ्या होतात असं तिला आढळलं. 1931 साली तिने ते छापलं. त्यातलं औषधी द्रव्य तेव्हा माहीत नव्हतं. 1941 साली अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळं केलं आणि पानावरून त्याला फॉलिक नाव दिलं. परळच्या त्या कष्टकरी बायकांची नावं मात्र कुठे नाहीत.

पंडुरोग अजून गेलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्त कमी होतं. त्यात लोहाचा वाटा मोठा. आणि लोहाच्या बाबतीत आपण पुणेकर एक खोड जोपासतो: पोह्यांबरोबरच चहा. चहातल्या द्रव्यांनी लोहाचं शोषण घटतं, लिंबाने वाढतं. तेव्हा पोह्यांवर लिंबू भरपूर पिळा आणि चहा तासाभराने घ्या. नाचणी, तीळ, बाजरी यांना मुलं नाकं मुरडतात. पण राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'धनशक्ती' नावाची जास्त लोहाची बाजरी इक्रिसॅटबरोबर काढली, आणि आपल्या आगरकर संशोधन संस्थेने लोह व जस्त जास्त असलेला एमएसीएस 4028 हा गहू काढला, हे त्यांना सांगा. भाकरीत शास्त्र आहे म्हटलं की नातवंडं एक घास तरी खातात. निदान माझी खातात.

मिठाविषयी एवढंच की सैंधव आणि गुलाबी मीठ उपवासाला ठीक, पण रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठ सोडू नका.

शेवटचं ड जीवनसत्त्व. तळजाईला पहाटे जाणाऱ्यांनो, व्यायाम उत्तम आहे, पण सहाच्या कोवळ्या उन्हात ड तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. ते ऊन चढल्यावर येतात, आणि खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. गच्चीवर अकराच्या सुमारास थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून बसा. पापड वाळत घालणाऱ्या आपल्या आजीला हे आपोआप मिळत होतं. आणि ती 60 हजार युनिटची पुडी! रोजची गरज 600 युनिट धरली तर एका पुडीत शंभर दिवसांची बेगमी झाली. डॉक्टर आठ आठवडे लिहून देतात, आणि आपण तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर आणत राहतो. हे चरबीत साठणारं आहे, बाहेर पडत नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडाला इजा पोचते.

म्हणून कमिटीला मी एक विनंती केली आहे आणि ती मान्य झाली आहे. पुढच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब, साखर नेहमीप्रमाणे होईलच. या वेळी प्रत्येकाने घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, टॉनिकच्या बाटल्या एका पिशवीत घालून आणायच्या, परदेशातून मुलांनी पाठवलेल्या डब्यांसकट. डॉक्टर त्या बघून सांगतील काय ठेवायचं, काय थांबवायचं आणि कुणी ब-12 तपासायचं. ज्यांना खाली उतरता येत नाही त्यांच्या पिशव्या घरून आणायला ए आणि बी विंगची मुलं तयार आहेत. पिशवीवर फ्लॅट नंबर मात्र नीट लिहा.