होडीचे काठ आणि रंगकाम



फायबरच्या लहान होडीलाही काठाची पट्टी पुष्कळदा सागवानी असते, आणि कुजण्यास आरंभ होतो तो तेथूनच. खाऱ्या पाण्यापेक्षा आत साचलेले पावसाचे पाणीच लाकडाचा अधिक घात करते. म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी हाती दाभण घ्यावे. पट्टीच्या टोकांशी, स्क्रूंच्या भोवती टोचून पाहावे. सहज रुतले तर ते लाकूड बदलावयासच हवे. त्यावर रंग चढविणे म्हणजे, स्पष्टच बोलतो, बसणाऱ्याच्या जिवाशी खेळणे होय. वल्ह्याचा सारा जोर त्या पट्टीवरच येतो ना! लाकूड धड असेल तर जुने व्हार्निश खरवडून सागाचा तेलकटपणा थिनरने पुसावा. पहिला हात पातळ. टोकांना मात्र दोनदा, कारण तेथूनच लाकूड पाणी पिते. पाऊस लागला की दमट हवेत व्हार्निशची चकाकी जाते. तेव्हा काम त्यापूर्वीच उरकावे.