पाळीतली कळ येते कुठून?

मैत्रिणींनो, पाळीत पोट दुखतं म्हटलं की "बाईच्या जातीला सोसावंच लागतं" हे ऐकावं लागतं. म्हणून मी आज ही कळ येते कशी, तेच सांगणार आहे.

गर्भाशयाच्या अस्तरात पिळदार, स्प्रिंगसारख्या रक्तवाहिन्या असतात. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्यानं उतरतं. मग अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वाढतात, त्या वाहिन्या आवळल्या जातात, रक्त तुटतं आणि अस्तर गळून पडतं. (यात विटाळ कुठे आला?) मार्की या अमेरिकन संशोधकानं माकडिणीच्या डोळ्यात अस्तराचा तुकडा रुजवून हे आवळणं प्रत्यक्ष पाहिलं आणि १९४० साली प्रसिद्ध केलं. बिचारी माकडीण!

हीच द्रव्यं गर्भाशयाचे स्नायूही आवळतात. ती जास्त झाली की कळा जास्त. मळमळ, जुलाबही त्यांच्यामुळेच. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन ती तयार होणंच रोखतं, म्हणून गोळी कळ सुरू होतानाच घ्यावी, काही खाऊन. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दर महिन्याला वाढत जाणारं दुखणं असेल तर नुसत्या गोळीवर ढकलू नका, तपासून घ्या.